डब्यातले पैसे कोणाचे? बायकांच्या आठवड्याच्या बचतीची गोष्ट

इअरफोन लावलेत ना? आजचा भाग पैशांवर आहे, पण शेअर बाजार, एसआयपी यातलं काही नाही. आज बोलायचंय ते वीस, पन्नास, शंभर रुपयांबद्दल. आठवड्याच्या बाजारातून वाचलेले, डाळीच्या डब्यात किंवा साडीच्या घडीत गेलेले पैसे. आपल्या इतिहासाच्या पुस्तकांत लढाया येतात, तह येतात, हे पैसे कुठेच येत नाहीत. म्हणून म्हटलं, एक अख्खा भाग त्यांना देऊ.

सुरुवात अशा एका तारखेपासून करतो जी तुमच्यापैकी बहुतेकांना आठवत असेल. ८ नोव्हेंबर २०१६. रात्री टीव्हीवर घोषणा झाली, पाचशे आणि हजारच्या नोटा बाद. पुढच्या काही दिवसांत घरोघरी एक विचित्र गोष्ट घडली. बायकांनी वर्षानुवर्षं गुपचूप साठवलेले पैसे डब्यांतून, गादीखालून, देवघराच्या फळीमागून बाहेर आले. लोकांनी त्यावर भरपूर विनोद केले, व्हॉट्सॲप भरून वाहिलं. मला मात्र त्यात एक वेगळी गोष्ट दिसते. वाईट दिवसांसाठी ठेवलेले पैसे वाचवायचे, तर ते आता सगळ्यांसमोर मांडायलाच लागणार होते. ज्या नवऱ्यापासून लपवले, त्याच्याच हातात देऊन बदलून आणायचे.

यातली एक केस पुढे थेट आयकर न्यायाधिकरणापर्यंत गेली. ग्वाल्हेरच्या एका गृहिणीने नोटबंदीच्या काळात खात्यात २,११,५०० रुपये भरले होते. आयकर अधिकाऱ्याने विचारलं, हे आले कुठून? ती म्हणाली, नवऱ्याने, मुलाने, नातेवाइकांनी वेळोवेळी दिलेल्या पैशांतून मी बाजूला टाकत गेले. अधिकाऱ्याला ते पटलं नाही. शेवटी २०२१ मध्ये आग्र्याच्या न्यायाधिकरणाने तिचं म्हणणं मान्य केलं. म्हणजे बघा, घरखर्चातून बाई बचत करते, ही आपल्या आज्यांना माहीत असलेली गोष्ट कागदावर सिद्ध करायला एवढी लढाई लागली.

आणि इथेच आजचा खरा प्रश्न येतो. घरखर्चातून वाचलेले पैसे कोणाचे? ज्याने कमावले त्याचे, की जिने वाचवले तिचे?

हा प्रश्न फक्त आपल्याकडचा आहे असं समजू नका. थोडा वेळ इंग्लंडला जाऊ. १९४३ साली तिथल्या न्यायालयासमोर ब्लॅकवेल नावाच्या नवरा-बायकोचा वाद आला. बायकोने घरखर्चाच्या पैशांतून काटकसर करून ऑक्सफर्डच्या सहकारी सोसायटीत शंभर पौंडांच्या थोडे वर साठवले होते. निकाल काय लागला? पैसे नवऱ्याचे! कारण घरखर्चाला दिलेला पैसा त्याचा, मग उरलेलाही त्याचाच. काटकसर केली तिने, ती हिशोबातच नाही. हा नियम बदलायला १९६४ साल उजाडलं. तेव्हा कायदा झाला की अशी बचत दोघांची, निम्मी निम्मी.

आता घरी परत येऊ. आपल्याकडच्या बायका कायद्याची वाट बघत बसल्या नाहीत. त्यांनी एक साधी युक्ती काढली. पैसा घरात ठेवला की तो सापडतो, मागितला जातो, खर्च होतो. मग तो घरात ठेवायचाच नाही. शेजारणीकडे ठेवायचा. यातूनच भिशी चालते.

भिशी तुम्हाला माहीत असेल, तरी तिचं गणित एकदा नीट बघू. दहा बायका, दर आठवड्याला प्रत्येकीचे पन्नास. दर आठवड्याला पाचशे जमतात आणि चिठ्ठी निघेल तिला मिळतात. दहा आठवड्यांत सगळ्यांची पाळी होते. जिला पहिल्या आठवड्यात मिळाले तिला बिनव्याजी कर्ज मिळालं. जिला शेवटी मिळाले तिची सक्तीची बचत झाली. दोघींनी भरले तेवढेच, पण घरात कोणी विचारलं तर उत्तर तयार: ‘भिशीचे द्यायचेत, नाही दिले तर लाज जाईल.’ हे उत्तर फार कामाचं आहे. स्वतःसाठी पैसे ठेवायचेत असं म्हणणं अवघड, दुसरीचे द्यायचेत असं म्हणणं सोपं.

पण भिशीला मर्यादा असतात. एखादीने आपली पाळी झाल्यावर भरणं बंद केलं तर? आणि पाचशे रुपयांत धंदा कसा उभा राहणार? त्यासाठी जायचं कुठे, तर बँकेत. आणि बँकेच्या दारात खरी अडचण सुरू होते.

चला गिरणगावात. लालबाग, परळ, वरळी. कोकणातून, घाटावरून आलेले गिरणी कामगार कुटुंब गावी ठेवून एकेका खोलीत दाटीवाटीने राहायचे. त्यांना जेवू घालायच्या खाणावळवाल्या बायका. कामगाराचा पगार महिन्याने, पण चूल रोज पेटवायची. मग वाण्याकडून उधारी, सावकाराकडून कर्ज आणि वर व्याज. दिवसभर राबून हातात काय, तर नवी उधारी. १९ जुलै १९६९ ला चौदा मोठ्या बँकांचं राष्ट्रीयीकरण झालं आणि गरिबांना कर्ज द्या असं धोरण आलं. पण या बायकांकडे तारण काय? दागिने केव्हाच गहाण पडलेले.

तेव्हा प्रेमा पुरव पुढे आल्या. मूळच्या गोव्याच्या, गोवा मुक्तीच्या लढ्यात उतरलेल्या, नंतर मुंबईत कामगार चळवळीत काम केलेल्या. त्यांनी खाणावळवाल्यांचे गट बांधले, एकीची जामीन दुसरी राहिली आणि बँकेतून कर्ज मिळवून दिलं. १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभं राहिलं. पुढे १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला आणि खाणावळीत जेवणारी माणसं गावाकडे परतू लागली. अशा वेळी पाठीशी संघटना असणं म्हणजे काय, ते त्या बायकांना विचारायला हवं होतं.

त्याच सुमारास अहमदाबादमध्ये इला भट्ट यांच्या सेवा संघटनेतल्या बायकांनी आणखी मोठं पाऊल टाकलं. बँक दारात उभं करत नाही ना? मग आपलीच बँक काढू! भाजी विकणाऱ्या, चिंध्या वेचणाऱ्या, हातगाडी ओढणाऱ्या चार हजार बायकांनी प्रत्येकी दहा रुपये घातले आणि १९७४ मध्ये सेवा बँक उभी राहिली. हिशोब करा, चाळीस हजार रुपये भांडवल. नोंदणीच्या वेळी अडचण आली ती सहीची. मग प्रवर्तक बायकांनी रात्रभर जागून आपलं नाव गिरवलं. खातं कोणाचं ते कळावं म्हणून त्यांच्या बँकेत फोटो लावायची पद्धत आली.

आपल्या साताऱ्यातली गोष्टही अशीच. माण तालुका, म्हसवड. दुष्काळी भाग. एका लोहारकाम करणाऱ्या बाईला बँकेत खातं उघडायचं होतं. पाऊस यायच्या आत झोपडीवर टाकायला प्लॅस्टिकचा कागद घ्यायचा होता, त्यासाठी थोडे थोडे साठवायचे होते. बँकेने नकार दिला, रक्कम फारच लहान. चेतना सिन्हा यांनी मग बायकांची बँक काढायचं ठरवलं. रिझर्व्ह बँकेने पहिला अर्ज नाकारला, कारण प्रवर्तक बायका अंगठेबहाद्दर. त्या बायकांनी काही महिने अक्षरं गिरवली आणि पुन्हा अधिकाऱ्यांसमोर गेल्या. म्हणाल्या, आम्हाला शाळाच मिळाली नाही तर वाचणार कशा? पण व्याजाचं गणित घाला, आम्ही तोंडी करतो, तुमची माणसं कॅल्क्युलेटरशिवाय करतात का बघू! सिन्हा यांनी हा प्रसंग अनेकदा जाहीरपणे सांगितलाय. १९९७ मध्ये माणदेशी महिला बँक सुरू झाली.

दरम्यान १९९२ मध्ये नाबार्डने देशभरात ५०० बचत गट बँकांशी जोडायचा प्रयोग सुरू केला. आज असे गट एक कोटीच्या वर आहेत. त्यांची पाच सूत्रं अगदी साधी: दर आठवड्याला बैठक, दर आठवड्याला बचत, आपसांत कर्ज, वेळेवर परतफेड आणि वही नीट लिहिणं.

आठवडाच का? कारण खेड्यात मजुरी कितीदा तरी बाजाराच्या दिवशी हातात येते आणि संध्याकाळपर्यंत संपते. त्या मधल्या काही तासांत पैसा पकडायचा. पंधरा जणी, दर आठवड्याला वीस रुपये, म्हणजे तीनशे. वर्षाचे झाले १५,६००. त्यातून एकीने तीन हजार घेतले, महिन्याला शेकडा दोनने, तर पहिल्या महिन्याचं व्याज साठ रुपये. शेकडा पाच घेणाऱ्या सावकाराकडे हेच दीडशे झालं असतं. आणि मुख्य म्हणजे ते साठ रुपये सावकाराच्या घरी जात नाहीत, पंधरा जणींच्या पेटीत परत येतात.

इथपर्यंत छान वाटतं ना? पण मी तुम्हाला फक्त गोड भाग सांगितला तर तो इतिहास होणार नाही. गटातून बाईच्या नावावर कर्ज निघतं आणि बऱ्याचदा वापरतो नवरा, फेडते मात्र ती. एखादीचा हप्ता चुकला की बाकीच्या जणी तिच्या दारात जाऊन बसतात. जी मैत्री बचतीला बळ देते तीच वसुलीला उभी राहते. खासगी मायक्रोफायनान्स कंपन्यांनी हेच नेमकं ओळखलं. तीच आठवड्याची बैठक, त्याच सतरंजीवर त्याच बायका. फक्त पैशाची दिशा उलटी: आधी बचत जमा व्हायची, आता हप्ता. २०१० मध्ये आंध्र प्रदेशात ही वसुली इतकी टोकाला गेली की सरकारला वटहुकूम काढावा लागला. म्हणून कोणी म्हणालं की बायकांना आठवड्याची शिस्त लावू, तर मी आधी विचारतो: शिस्त बचतीची की हप्त्याची?

मला या सगळ्यातून एक गोष्ट दिसते. काटकसर बायकांना कोणी शिकवायला नको होती, ती त्या करतच होत्या. खटपट होती ती साठवलेला पैसा स्वतःच्या हातात राहावा यासाठी. डब्यात तो लपलेला होता, भिशीत शेजारणीच्या भरवशावर होता, बँकेत त्यावर पहिल्यांदा तिचं नाव आलं. त्या नावासाठी बायका रात्रभर जागून सही शिकल्या.

आता २०१४ पासून जनधनमुळे कोट्यवधी बायकांच्या नावावर खाती आहेत. लढाई जिंकलो? थोडं थांबा. खातं आईच्या नावावर असतं, पण त्याला मोबाइल नंबर कोणाचा जोडलेला आहे? ओटीपी कोणाच्या फोनवर येतो? यूपीआयचा पिन कोणाला माहीत आहे? पैसे जमा झाल्याचा मेसेज आधी कोण वाचतं?

तर हा भाग ऐकून झाला की एवढं करा. आईला, मावशीला, आत्याला, कामाला येणाऱ्या ताईंना विचारा की खात्याला नंबर कोणाचा आहे. दुसऱ्याचा असेल आणि त्यांना तो बदलायचा असेल, तर आधार आणि पासबुक घेऊन त्यांच्याबरोबर बँकेत जा. फॉर्म भरायला दहा मिनिटं लागतात. पिन मात्र त्यांचा त्यांनाच टाकू द्या, तुम्ही दुसरीकडे बघा.

भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या.