एकास एक: मिकी माऊस आणि फाटकी नोट

सुरुवातीलाच एक प्रश्न. तुमच्या पाकिटात शंभराच्या दोन नोटा आहेत. एक करकरीत, दुसरी मधोमध फाटून चिकटपट्टी लावलेली. रिक्षावाल्याला कुठली देणार?

बरोब्बर. सगळे तेच करतात. चांगली नोट पाकिटात राहते आणि फाटकी गावभर फिरते. हे उत्तर जरा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. आजचा विषय मात्र नोटांचा नाही, मिकी माऊसच्या बिल्ल्यांचा आहे.

अमेरिकेत डिस्नेच्या बागेत गेलेल्यांनी हे दृश्य नक्की पाहिलं असेल. मोठी माणसं, लहान मुलं, गळ्यात पट्ट्या (ऑफिसचं आयडी कार्ड अडकवतो ना, तशाच) आणि त्यावर ओळीने टोचलेल्या रंगीत धातूच्या पिना. पिन म्हणजे शाळेत मॉनिटरला मिळायच्या त्या बिल्ल्याची श्रीमंत चुलत बहीण. धातूच्या पत्र्यावर साच्याने चित्र उठवायचं, खोलगट भागात मीना भरायचा, भट्टीत घालायचं, वर पॉलिश. मागे एक टोक आणि त्याला बसवायचं रबरी बूच (तेही मिकीच्या आकाराचं!). दुकानातून नवी घेतली तर साधी पिनसुद्धा दहा-पंधरा डॉलरला पडते. आणि या पिना लोक नुसत्या जमवत नाहीत, एकमेकांशी बदलतात.

आपण लहानपणी काडेपेटीचे छाप, पोस्टाची तिकिटं, क्रिकेटची कार्डं बदलायचो, तसलाच प्रकार. पण या खेळाला एक छान इतिहास आहे आणि त्या इतिहासाच्या पोटात अर्थशास्त्राचा एक जुना नियम दडून बसलाय.

ऑलिंपिकमधून आलेला खेळ

ही कल्पना मूळची डिस्नेची नाही, ऑलिंपिकची. 1896 साली अथेन्सला पहिलं आधुनिक ऑलिंपिक झालं, तेव्हा खेळाडू, पंच आणि अधिकारी ओळखू यावेत म्हणून त्यांना पुठ्ठ्याच्या रंगीत चकत्या दिल्या होत्या. काम साधं, गळ्यातल्या आयडी कार्डाचं. पुढे देशोदेशीचे संघ आपापले बिल्ले लावून यायला लागले आणि सामना संपला की आठवण म्हणून एकमेकांना द्यायला लागले. 1924 साली पॅरिसला खेळाडूंसाठी स्टेडियमजवळ लाकडी खोल्या बांधल्या होत्या. माणसं शेजारी राहायला आली की देवाणघेवाण वाढतेच. वाटीभर साखरेऐवजी बिल्ला, इतकाच फरक.

प्रेक्षक या खेळात जोरात उतरले ते 1980 च्या लेक प्लॅसिड हिवाळी ऑलिंपिकपासून. 1984 च्या लॉस एंजलिसला तर पिनांचा पूरच आला. गंमत म्हणजे त्या ऑलिंपिकचं बोधचिन्ह असलेला सॅम नावाचा गरुड काढला होता डिस्नेच्याच एका चित्रकाराने, बॉब मूरने. म्हणजे मिकीचं घराणं पिनांच्या या जत्रेशेजारी तेव्हाच येऊन उभं होतं. 1988 साली कॅल्गरीला कोका-कोलाने पिना बदलण्यासाठी खास केंद्र उघडलं. 1998 च्या नागानोतही हीच धामधूम.

आणि मग 1 ऑक्टोबर 1999. फ्लोरिडातल्या डिस्ने वर्ल्डने नव्या सहस्रकाचा सोहळा सुरू केला, एपकॉट या बागेभोवती गुंफलेला. (आपली अर्धी जमात त्या सुमारास अमेरिकेत वायटूकेसाठी दोन आकडी वर्षं चार आकडी करत बसली होती. तिकडे बागेत सहस्रक साजरं होत होतं!) त्या सोहळ्याचा एक भाग म्हणून पिनांची अदलाबदल सुरू झाली. सोहळा 2001 च्या पहिल्या दिवशी संपला, पिना राहिल्या. कॅलिफोर्नियातल्या डिस्नेलँडमध्ये गेल्या, पॅरिसला गेल्या, पुढे हाँगकाँगलाही.

बोहारीण आणि कास्ट मेंबर

आता आपल्या कामाचा भाग. वस्तूला वस्तू या व्यवहारात एक जुनी अडचण असते. माझ्याकडे गहू आहेत आणि मला चप्पल हवी आहे. म्हणजे मला असा माणूस शोधायला हवा, ज्याच्याकडे जादा चप्पल आहे आणि ज्याला नेमके गहूच हवेत. जेव्हन्स नावाच्या इंग्रज अर्थशास्त्रज्ञाने 1875 साली पैशावरच्या पुस्तकात याला गरजांचा दुहेरी योगायोग म्हटलं. योगायोग जुळत नाही म्हणून तर पैसा लागतो.

आपल्याकडे या अडचणीवर दारावर येणारं उत्तर होतं, बोहारीण. तुमच्या जुन्या साड्या-शर्ट ती केव्हाही घ्यायला तयार. बदल्यात स्टीलचं पातेलं. पण पातेलं केवढं, यावर अर्धा तास घासाघीस. जरीची साडी गेली आणि चहाचं गाळणं आलं, असेही किस्से घरोघरी असतात.

डिस्नेने काय केलं, तर बागेतल्या कर्मचाऱ्यांनाच बोहारीण केलं. या कर्मचाऱ्यांना तिकडे कास्ट मेंबर म्हणतात, म्हणजे नाटकातले नट. त्यांच्या गळ्यात कंपनीने दिलेल्या पिना. तुम्ही जायचं, त्यातली एक दाखवायची, आपली एक द्यायची. पण इथे घासाघीस नाही. कारण नियम ठरलेले:

एका पिनेला एकच पिन. पिन धातूची, चांगल्या स्थितीतली आणि डिस्नेच्या हक्काचा शिक्का असलेली हवी. त्यांच्या पट्टीवर आधीच असलेली पिन पुन्हा द्यायची नाही. एका कास्ट मेंबरकडून दिवसाला दोनच. पैशाचा व्यवहार नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं, तुमची पिन नियमात बसत असेल तर समोरचा नाही म्हणत नाही.

हा शेवटचा नियम म्हणजे सगळ्या रचनेचा प्राण आहे. बघा ना, सात वर्षांची एक बुजरी मुलगी आहे. तिला तिच्याकडच्या गूफीच्या बदल्यात तो टिंकरबेल हवाय. मुरलेल्या संग्राहकासमोर तिची डाळ शिजणार नाही, तो तिला गुंडाळेल तरी किंवा हाकलेल तरी. पण कास्ट मेंबरसमोर तिला फक्त बोट दाखवायचंय. गूफी आणि टिंकरबेल यांची किंमत सारखीच: एकास एक. मी ऑरलँडोला हे पाहिलंय. आईच्या मागे लपलेलं पोर दोन पिना बदलल्यावर तिसऱ्या वेळी आईला मागे सोडून एकटंच पुढे गेलं. त्या दहा मिनिटांत त्याच्यात जो फरक पडला, त्यासाठी कुठलाही क्लास लावून भागणार नाही.

फट

आता आमच्या धंद्यातला माणूस कुठलाही नियम वाचला की आधी त्यातली फट शोधतो. इथली फट तुम्हालाही दिसली असेल. समोरचा नाही म्हणत नाही आणि सगळ्या पिना सारख्याच किमतीच्या आहेत. मग मी बारा डॉलरची पिन का देऊ? पिनेसारखी दिसणारी, एखाद्या डॉलरात मिळणारी वस्तू का देऊ नये?

नेमकं हेच झालं. या पिना मुख्यतः चीनमधल्या कारखान्यांत बनतात. साचे तिथेच, धातू तिथेच. ठरलेला माल काढून झाल्यावर साच्यातून आणखी माल निघायला लागला, नापास झालेल्या पिना भंगारात न जाता मागच्या दाराने बाहेर पडल्या, शिवाय चित्र बघून बनवलेल्या सरळसरळ नकला आल्या. संग्राहकांच्या भाषेत या सगळ्याला एकच नाव आहे, स्क्रॅपर. मीना खोलगट बसलेला, कडा ओबडधोबड, रंग जरा चुकलेला, हातात घेतली तर हलकी. ऑनलाइन पन्नास-शंभरच्या पिशवीने मिळतात. ती पिशवी घेऊन बागेत जायचं आणि दिवसभरात जमेल तेवढ्या खऱ्या पिना घेऊन बाहेर पडायचं.

ही गोष्ट इंग्लंडमध्ये साडेचारशे वर्षांपूर्वी घडून गेलीय. आठव्या हेन्रीने 1544 पासून चांदीच्या नाण्यांत तांबं वाढवत नेलं. नाण्यावर राजाचा समोरून काढलेला चेहरा. चेहऱ्यात सगळ्यात वर येतं नाक, म्हणून झीज आधी नाकाची, आणि तिथून खालचा तांबूस रंग दिसायचा. लोकांनी राजाचं नावच ठेवलं, तांबड्या नाकाचा म्हातारा! कायद्याने नवं हिणकस नाणं आणि जुनं चांदीचं नाणं, दोन्हींची किंमत सारखी. मग लोकांनी काय केलं? तेच, जे तुम्ही रिक्षावाल्याशी करता. जुनी नाणी गाठोड्यात, नवी बाजारात. 1558 मध्ये टॉमस ग्रेशमने एलिझाबेथ राणीला पत्र लिहून हा घोळ समजावला. त्याचं हे म्हणणं पुढे 1858 साली मॅक्लाउड नावाच्या अर्थशास्त्रज्ञाने ग्रेशमचा नियम म्हणून रूढ केलं: वाईट पैसा चांगल्या पैशाला हाकलतो.

पण या नियमाची अट आपण विसरतो. दोन्ही नाणी सारख्याच किमतीला घ्यायची सक्ती असेल तरच तो चालतो. सक्ती नसेल तर दुकानदार हिणकस नाणं बाजूला सारून म्हणेल, हे ठेव खिशात. डिस्नेच्या बागेत दोन्ही प्रकार शेजारीशेजारी बघायला मिळतात. कास्ट मेंबरच्या पट्टीवर एकास एकची सक्ती आहे, तिथे स्क्रॅपर साचत जातात. आपापसात पिना बदलणारे मुरलेले संग्राहक मात्र एकमेकांच्या पिना उलटूनपालटून बघतात, भाव ठरवतात, नकली असली तर परत करतात. चांगल्या पिना सगळ्या तिकडे. गाठोड्यातली नाणीच ती.

मग डिस्नेने नियम का बदलला नाही?

या गोष्टीतला मला सगळ्यात आवडलेला भाग इथे आहे. ठिगळं बरीच लावली. दिवसाला दोनच ही मर्यादा म्हणजे आपण सर्व्हरवर लावतो तसलाच अटकाव, एकाच माणसाने भडिमार करू नये म्हणून. मुलांसाठी हिरव्या पट्ट्या आल्या, त्यावरून मोठ्यांनी पिना घ्यायच्या नाहीत. 2002 पासून खास पट्ट्यांसाठीच बनवलेल्या पिनांची मालिका आली, पुढे तिला हिडन मिकी म्हणायला लागले. कोपऱ्यात बारीकसा मिकी, आणि दुकानात विकायला नाहीत, बदलूनच मिळवायच्या. म्हणजे फिरत्या चलनात चांगली नाणी ओतत राहायचं! (अर्थात नकलाकारांनी त्याही नकलल्या.) 2020 मध्ये महामारीमुळे बागा बंद पडल्या. उघडल्यावर काही काळ गळ्यातल्या पट्ट्यांऐवजी फळ्यांवर पिना लावून काम भागवलं. पण एकास एक, आणि नाही म्हणायचं नाही, हे कायम.

एलिझाबेथने 1560-61 मध्ये सगळी हिणकस नाणी परत घेऊन नवी पाडली. डिस्नेलाही पिन घेताना भिंग लावून तपासणारा माणूस बसवता आला असता. पण कल्पना करा, त्या बुजऱ्या मुलीने पिन पुढे केली आणि समोरच्या काकांनी ती उलटून बघत म्हटलं, बाळ, ही खोटी आहे. तिने कुठे ती बनवली होती? सकाळी दुसऱ्या एका पट्टीवरूनच तर बदलून घेतली होती! खोटी पिन पकडली जाईल तेव्हा ती बहुतेक वेळा निरपराध हातातच असणार, कारण फिरत्या चलनाचा स्वभावच तो. नोट खोटी निघाल्यावर बँकेत ओशाळतो तो छापणारा नव्हे.

म्हणून मला वाटतं, नियम तसाच ठेवला हे योग्यच झालं. कंपनी काही संत नाही. पिना विकून तिला भरपूर पैसे मिळतात आणि खेळ चालू राहण्यात तिचा सरळ फायदा आहे. पण हिशेब मांडला तर एकीकडे आहेत संग्राहकांच्या तक्रारी, आणि त्यांच्याकडे त्यांचा स्वतःचा, तपासून घेण्याचा बाजार आहेच. दुसरीकडे आहे मुलांची ती न विचारता मिळणारी हो. ही हो गेली तर उरतं फक्त एक दुकान.

मात्र फुकट काहीच नसतं. या होची किंमत कोणीतरी भरतंय. ज्या घराने दुकानातून बारा डॉलरची खरी पिन घेतली आणि पोराने हौसेने ती बदलून स्क्रॅपर घेतला, ते घर भरतंय. पोराला ते कळतही नाही, त्याला चित्र आवडलेलं असतं. एका अर्थी सुटला बिचारा. पण चार-पाच वर्षांनी जमवलेल्या पिना कोणी जाणकाराने बघितल्या की कळतंच.

आता थोडं आपल्या लोकांबद्दल. ऑरलँडोला जायच्या आधी आपल्याकडे एक सल्ला हमखास मिळतो: "अरे, तिथे कशाला महाग घेतोस, ऑनलाइन पिशवी मागव, शंभर येतात." सल्ला देणारा दुष्ट नसतो, आपण सगळे असेच हिशेबी आहोत. पण ती पिशवी म्हणजे आपण रिक्षावाल्याला सरकवलेल्या फाटक्या नोटांचं बंडल आहे. फरक इतकाच की रिक्षावाला ती पुढे खपवेल किंवा बँकेत बदलून घेईल, आणि इथे बंडलातली एकेक नोट एखाद्या लहान पोराच्या मुठीत जाऊन थांबते. स्वस्तात करायचंच असेल तर तीनच खऱ्या पिना घ्या की. नियम एकास एकचाच आहे, दिवसभर बदलत बसलात तरी शेवटी हातात तीन उरतातच.

असो. पुढच्या वीकांताला भेटूच.