सीडीवरून आलेला सर्व्हर

१५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केले, पण ते महानगरांपुरते. महाबळेश्वरच्या किंवा सांगलीच्या जिज्ञासूला त्या जाळ्यात शिरायचे, तर एसटीडीने मुंबईचा क्रमांक फिरवावा लागे आणि जोडणी टिकेल तितके बिल चढत जाई. मग सर्व्हर चालविण्याची विद्या पसरणीचा घाट चढून वर पोहोचली कशी? त्याविषयीचा हा थ्रेड.

विद्या महाराष्ट्राला नवी नव्हती. १९८५ मध्ये मुंबईत स्थापन झालेली एनसीएसटी ही संस्था पुढल्याच वर्षी सुरू झालेल्या 'अर्नेट' प्रकल्पाचा कणा होती. तेथील युनिक्स यंत्रांची नावे 'शक्ती', 'साथी' अशी देशी होती. एक यंत्र दुसऱ्याला दूरध्वनी करी, साचलेली पत्रे घेई-देई आणि फोन ठेवून देई. १९८९ मध्ये नोंदल्या गेलेल्या '.इन' या नामक्षेत्राची व्यवस्थाही याच संस्थेकडे होती.

मात्र या यंत्रांची किल्ली मोजक्या अभियंत्यांच्या हाती होती. युनिक्समध्ये 'रूट' नावाचा एक सर्वाधिकारी खातेदार असतो. नवी खाती उघडणे, डिस्क जोडणे, फाइलींचे हक्क ठरविणे ही कामे त्याचीच. सामान्य विद्यार्थ्याला खाते मिळे, रूट मिळत नसे. मोडण्याची मुभा नाही, तेथे दुरुस्ती शिकणार कशी?

ती मुभा दिली लिनक्सने. हेलसिंकीच्या लिनस टॉरवाल्ड्स या विद्यार्थ्याने १९९१ मध्ये ते प्रसिद्ध केले आणि पुढच्याच वर्षी ते जीपीएल परवान्याखाली आले. साधा पीसी आता सर्व्हर होऊ शकत होता. अडचण उरली ती उतरवून घेण्याची. डायल-अपवर ते जवळजवळ अशक्यच. १९९६ मध्ये 'पीसीक्वेस्ट' मासिकाने अंकासोबत लिनक्सची सीडी दिली. त्यामागे होते अतुल चिटणीस. जन्म बर्लिनचा, अभियांत्रिकीचे शिक्षण बेळगावचे. मासिक टपालाने कुठेही जाते. इंटरनेट तेव्हा जात नव्हते. लिनक्सच्या भारतीय इतिहासात या एका गोष्टीचे श्रेय अजूनही कमीच दिले जाते.

सीडीसोबत गुरू येत नसे. 'मॅन' हा आदेश दिला की प्रत्येक आदेशाची माहितीपाने पडद्यावर उलगडत. ही प्रथा १९७१ च्या युनिक्स पुस्तिकेपासूनची. रोजची कामे ठरल्या वेळी करणारा 'क्रॉन', घडल्या-बिघडल्याची नोंद ठेवणाऱ्या लॉग फाइली, हे सारे घरच्या टेबलावर वाचून आणि चुकून शिकले गेले.

खरा शिक्षक मात्र वीजमंडळ! वर्षाला ५,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस झेलणाऱ्या महाबळेश्वरात काय, किंवा भारनियमनाच्या काळात सपाटीवर काय, वीज अचानक जाई. तेव्हाची 'एक्स्ट२' फाइल व्यवस्था अशा धक्क्याने विस्कटे. यंत्र पुन्हा सुरू होताना 'एफएससीके' डिस्क तपासू लागे. घाव खोल असेल तर मध्येच थांबून रूटचा पासवर्ड मागे आणि पुढचे निर्णय माणसावर सोपवी. नाव हरवलेल्या फाइली 'लॉस्ट+फाउंड' या कप्प्यात नुसत्या क्रमांकांनिशी जमा होत. पेशवे दफ्तराच्या रुमालात आद्यपृष्ठ हरवलेले कागद सापडावेत, तसेच हे. आतला मजकूर वाचूनच मालक ओळखायचा. २००१ च्या अखेरीस लिनक्सच्या मूळ गाभ्यात आलेली 'एक्स्ट३' बदलांची रोजनिशी ठेवू लागली आणि ही धास्ती बरीच ओसरली. बॅकअपची सवय ज्यांना लागली, ती बहुधा त्याआधीच.

सांगलीत १९४७ मध्ये स्थापन झालेल्या अभियांत्रिकी महाविद्यालयाला पुढे वालचंद हे नाव मिळाले. तेथे 'वालचंद लिनक्स युजर्स ग्रुप' हे विद्यार्थ्यांचे मंडळ उभे राहिले. वरच्या वर्गातील मुले-मुली खालच्या वर्गाला लिनक्स शिकवतात. आता डिस्क स्वतःची आणि रूटचा पासवर्डही स्वतःचाच.