एका मूळपुरुषाची तीन घराणी
ज्यू, ख्रिस्ती आणि इस्लाम हे तिन्ही धर्म अब्राहमला आपल्या श्रद्धेचा मूळपुरुष मानतात. तो पुत्राचा बळी द्यायला निघाला आणि देवाने त्याला थांबवले, ही कथा तिघांचीही. ज्यूंच्या तोरामध्ये तो पुत्र इसहाक. ख्रिस्ती धर्माने त्याच कथेत येशूच्या बलिदानाची पूर्वखूण पाहिली. कुराणात पुत्राचे नाव नाही. बहुतेक मुसलमान त्याला इस्माईल मानतात आणि बकरी ईदला त्या प्रसंगाचे स्मरण करतात.

अब्राहमची कबर हेब्रॉनला आहे, अशी श्रद्धा आहे. तिथे सुलतान बैबर्सने तेराव्या शतकात ज्यू-ख्रिस्तींना प्रवेश बंद केला. पुढे ज्यूंना सातव्या पायरीवरूनच परतावे लागे. आज त्याच वास्तूत मशीदही आहे आणि सिनेगॉगही. हा तंटा परक्यांचा नाही. वारसा कोणाचा, यावरून पेटलेली ही भाऊबंदकी आहे.