पुठ्ठ्याच्या घरांत जपलेलं खेडं

पुण्यातलं जोशींचं छोट्या रेल्वेचं संग्रहालय तुमच्यापैकी अनेकांनी पाहिलं असेल. तिथं आपली नजर गाडीमागे धावते. आज मात्र मी रुळांलगतच्या घरांबद्दल बोलणार आहे.

गोष्ट इंग्लंडमधली. रॉय इंग्लंड नावाचा तरुण १९२५ साली ऑस्ट्रेलियातून तिथं आला. ग्रेट वेस्टर्न रेल्वेचं त्याला वेड. ‘व्हेल ऑफ व्हाइट हॉर्स’ या खोऱ्यात तो रमला. तिथली गवतानं शाकारलेली जुनी घरं त्याच्या डोळ्यांदेखत बदलत होती. कुठं छपरावर नवं सामान चढत होतं, तर कुठं अख्खं घरच पाडलं जात होतं. राजवाड्यांच्या, चर्चच्या नोंदी ठेवणारे पुष्कळ होते. लोहाराच्या घराची नोंद कोण ठेवणार? रॉयनं ठरवलं, ही घरं आपण छोटी करून ठेवायची.

प्रमाण धरलं एका फुटाला चार मिलिमीटर. म्हणजे साडेसहा फुटी दार २६ मिलिमीटरचं, आणि विटांचा तीन इंची थर जेमतेम एक मिलिमीटरचा! तयार संच जोडून हे साधणार नव्हतं. भिंती पुठ्ठ्याच्या, त्यावर विटांच्या रेषा हातानं कोरायच्या, मग जलरंग. छपराला प्लंबर लोक नळाच्या आट्यांवर गुंडाळतात तसला ताग. मी एकदा अशी वीतभर भिंत करून पाहिली. दुसऱ्या संध्याकाळी हात टेकले.

पण या कष्टातच इतिहासाचं काम दडलेलं आहे. फोटो घराची एक बाजू दाखवतो आणि गप्प बसतो. मॉडेल करणाऱ्याला मागची भिंतही उभी करावी लागते. धुराडं कुठून निघतं? मोरीचं पाणी कुठं जातं? उत्तर हवं असेल तर टेप घेऊन जावंच लागतं, म्हाताऱ्या माणसांना विचारावंच लागतं.

१९५४ साली लाँग विटनहॅम गावात यातून ‘पेंडन म्युझियम’ सुरू झालं. रॉय १९९५ साली वारला. काम स्वयंसेवकांनी पुढे चालू ठेवलं.

आता एक अडचणीचा प्रश्न. तिथलं ‘पेंडन पार्व्हा’ हे गाव नकाशावर नाहीच! घरं खऱ्या घरांवरून केलेली, पण वेगवेगळ्या गावांतली. शेजार मात्र कल्पनेतला. मग याला पुरावा म्हणायचं का? मला वाटतं, घर हा पुरावा आहे आणि गल्ली हा त्याचा अर्थ लावण्याचा प्रयत्न. आम्ही इतिहास लिहिणारे तरी वेगळं काय करतो? सुटे कागद खरे असतात, त्यांची मांडणी आमची असते. फक्त कोणता भाग कुठला, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं.

आपल्याकडे १९९२ पासून मीटरगेज मार्ग झपाट्यानं ब्रॉडगेज होत गेले. अकोला–खांडवा मार्गावरच्या गाड्याही त्यासाठी थांबल्या. अशा वेळी रूळ बदलतात, तशी छोटी स्टेशनंही बदलतात. इंजिनं संग्रहालयात जातात. पण गेटमनची खोली, तिकिटाची खिडकी, पाण्याच्या रांजणाचा कट्टा कुठं जातो?

तुमच्या गावात असं काही उभं असेल, तर या रविवारी टेप घेऊन जा. चारही बाजू मोजा. पुठ्ठा नंतर कापता येईल. पाडलेली भिंत मात्र मोजता येणार नाही. भेटूया पुढच्या भागात.