कोयना धरण आणि त्याच्या खालची जमीन

कोयनानगरला धरण पाहायला येणारा प्रवासी बहुधा श्रावण-भाद्रपदात येतो. सहा वक्री दरवाजे उचललेले असावेत आणि पाणी फेसाळत खाली झेपावावे, एवढीच त्याची अपेक्षा असते. सांडव्याच्या बाजूंना उंच भिंतीला खालच्या अंगाने जे जाड काँक्रीटचे टेकू दिलेले आहेत, त्यांच्याकडे फारसे कोणी पाहत नाही. धरणाच्या मूळ आराखड्यात ते टेकू नव्हते. ते नंतर का उभारावे लागले, ही विसाव्या शतकातील भूकंपशास्त्राच्या इतिहासातली एक मोठी हकिकत आहे.

कोयना ही कृष्णेची उपनदी. तिचे पाणी स्वभावतः बंगालच्या उपसागराकडे जायचे. सातारा जिल्ह्यातील पाटण तालुक्यात 103 मीटर उंचीची भिंत घालून ते अडवायचे आणि सह्याद्रीच्या पोटातून बोगद्याने पश्चिमेला, चिपळूणजवळच्या पोफळी येथील भूमिगत वीजगृहात उतरवायचे, अशी ही योजना. घाटमाथा आणि कोकण यांच्या उंचीतला फरक हेच तिचे भांडवल. एक घनमीटर पाणी सुमारे पावणेपाचशे मीटर खाली येते तेव्हा त्यातून एक युनिटाहून थोडी अधिक वीज मिळते. बांधकाम 1954 च्या सुमारास सुरू झाले आणि 1962 मध्ये वीज वाहू लागली. आज सर्व टप्पे मिळून स्थापित क्षमता 1,960 मेगावॉट आहे.

दख्खनचे पठार हा पृथ्वीचा जुना, स्थिरावलेला भाग. तेथे मोठा भूकंप होणार नाही, ही त्या काळची सर्वमान्य समजूत होती. धरणाच्या रचनेत भूकंपाचा विचार झाला होता, पण तो धरणाच्या वजनाच्या पाच टक्के इतका आडवा जोर गृहीत धरण्यापुरता. जलाशय भरू लागला तसे 1962 पासून खोऱ्यात बारीक हादरे जाणवू लागले, जमिनीतून गडगडाट ऐकू येऊ लागला. पुण्याच्या केंद्रीय जल व विद्युत संशोधन केंद्राने तेथे भूकंपमापक बसवले. सप्टेंबर 1967 मध्ये पाचाहून अधिक तीव्रतेचा धक्का बसला. तरीही पुढे काय वाढून ठेवले आहे, याची कल्पना कोणाला नव्हती.

सोमवार, 11 डिसेंबर 1967. पहाटे 4 वाजून 21 मिनिटांनी 6.3 तीव्रतेचा भूकंप झाला. सुमारे 180 माणसे दगावली, दीड हजारांहून अधिक जखमी झाली. वेळ साखरझोपेची आणि घरे दगडमातीची. भिंती आतल्या माणसांवरच कोसळल्या. ज्यांची शेते जलाशयाखाली गेली आणि ज्यांची घरे त्या पहाटे पडली, ती एकाच खोऱ्यातली माणसे होती. भूकंपावरच्या शोधनिबंधांत या गोष्टीला सहसा जागा मिळत नाही.

धरण उभे राहिले. मात्र उंच भागांत, जिथे खालच्या बाजूचा उतार एकदम बदलतो त्या पातळीला, दोन्ही अंगांवर आडव्या भेगा पडल्या. धरणाच्याच तपासणी-गॅलरीत बसवलेल्या त्वरणमापकाने धक्क्याची नोंद करून ठेवली होती: धरणाच्या लांबीच्या दिशेने गुरुत्व-त्वरणाच्या 63 टक्के, आडव्या दिशेने 49 टक्के. पाच टक्के कुठे आणि त्रेसष्ट कुठे, असा प्रश्न विद्यार्थ्याला लगेच पडेल. हे दोन आकडे थेट शेजारी ठेवून तुलना करणे योग्य नाही; एक सतत लागणारा कल्पित जोर आहे आणि दुसरे क्षणभराचे शिखर. खरी उणीव आकड्याहून अधिक पद्धतीत होती. भिंत ही ताठ ठोकळ्यासारखी स्थिर मानली गेली. प्रत्यक्षात ती हलते, माथ्याकडे अधिक हलते, आणि ताण नेमका आकार बदलतो तिथे साठतो. बर्कलेचे अनिल चोप्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गतिकीय गणिताने हे दाखवले, तेव्हा ताणाची जागा आणि भेगांची जागा जुळली. भेगा बुजवून, पोलादी केबलींनी आवळून, पुढे टेकू देऊन भिंत बळकट करण्यात आली. कोयनेची ती नोंद आजही धरणांच्या संगणकीय विश्लेषणाची कसोटी म्हणून वापरली जाते. अबॅकससारख्या प्रणालीच्या उदाहरणसंग्रहातही ती आहे.

आता अवघड प्रश्न: हा भूकंप तलावाने घडवला काय? अमेरिकेतील हूवर धरणाच्या जलाशयाभोवती असे हादरे 1930 च्या दशकातच नोंदले गेले होते. चीनमधील शिनफेंगच्यांग, आफ्रिकेतील करिबा, ग्रीसमधील क्रेमास्ता या जलाशयांजवळ 1962 ते 1966 दरम्यान सहाहून अधिक तीव्रतेचे भूकंप झाले. कोयनेचा त्या सर्वांहून मोठा. हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेतील हर्ष गुप्ता, बी. के. रस्तोगी आणि हरी नारायण यांनी 1972 मध्ये या भूकंपांची समान लक्षणे मांडली: मुख्य धक्क्याआधी लहान धक्क्यांची रांग, नंतर दीर्घकाळ चालणारे उत्तरधक्के, आणि मोठ्यांच्या मानाने छोट्यांचे प्रमाण नेहमीपेक्षा अधिक.

शंका घेणाऱ्यांचा मुद्दाही कच्चा नव्हता. शंभर मीटर पाण्याचा दाब सुमारे दहा वातावरणांइतका. पाच किलोमीटर खोलीवर खडकाचा दाब तेराशेहून अधिक. एवढ्याशा भाराने खडक कसा तुटेल? उत्तर असे की तोडण्याचे काम पाणी करत नाही. भ्रंशावर ताण आधीच साठलेला असतो. भेगांतून झिरपणारे पाणी तेथील छिद्रदाब वाढवते आणि दोन पृष्ठभागांना धरून ठेवणारे घर्षण घटवते. म्हणूनच आज ‘जलाशयप्रेरित’ ऐवजी ‘जलाशयाने चालना दिलेला’ भूकंप म्हणणे अधिक अचूक समजले जाते. पाऊस ओसरल्यावर तलाव भरतो आणि हादरे वाढतात, हा नेम पुढील दशकांत दिसत राहिला. दक्षिणेस वारणेचा जलाशय 1985 पासून भरू लागला, तसे भूकंपांचे क्षेत्रही त्या बाजूला सरकले. पुराव्यांत हा सर्वांत बोलका.

देशाच्या भूकंप-नकाशातून ‘शून्य’ क्षेत्र 1970 मध्ये वगळण्यात आले. पण भ्रंशाजवळ नेमके काय घडते, हे पृष्ठभागावरून कळत नाही. त्यासाठी भूविज्ञान मंत्रालयाने कराड येथे भूभौतिकी वेधविवर प्रयोगशाळा उभारली. आधी सुमारे दीड किलोमीटर खोलीची नऊ विवरे घेण्यात आली. मग गोठणे येथे, डिसेंबर 2016 ते जून 2017 या काळात, तीन किलोमीटर खोलीचे पथदर्शी विवर खणले गेले. तेथे काळा पाषाण सुमारे साडेबाराशे मीटरवर संपतो आणि मधे कोणताही गाळाचा थर न लागता थेट ग्रॅनाइटसदृश प्राचीन खडक सुरू होतो. कोयना-वारणा परिसरातले बहुतेक भूकंप याच खडकात, आणखी काही किलोमीटर खाली जन्मतात.