आन्नाचं लग्न आणि लोहाची गोळी

१५५४ साली योहानेस लांगे या डॉक्टरांचं एक पत्र छापून आलं. लांगे हायडेलबर्गच्या राजदरबारातले वैद्य. पत्र एका काळजीत पडलेल्या बापाला लिहिलेलं. त्याची मुलगी आन्ना पांढरीफटक पडली होती. जिना चढताना धाप लागायची, छाती धडधडायची, मांस तर बघवायचं नाही. लांगेंचा सल्ला काय? लवकरात लवकर लग्न लावून द्या.

"लग्न झालं की होईल सगळं नीट" हे वाक्य आपल्याकडेही कुणी ना कुणी ऐकलेलं असतंच.

या आजाराला जर्मनमध्ये पुढे ब्लाइखझुख्ट म्हणू लागले, म्हणजे फिकटपणाचा रोग. एकोणिसाव्या शतकात तो घराघरात माहीत होता. मोलकरणी, गिरणीतल्या मुली, शाळकरी मुली, सगळ्यांना व्हायचा. आज मागे वळून पाहताना यातल्या बऱ्याच जणींना लोहाची कमतरता असावी असं दिसतं. वाढीचं वय, त्यात पाळी सुरू झालेली, आणि ताटात लोह कमी. पण तेव्हा दोष कुणाला? घट्ट कॉर्सेटला, कादंबऱ्या वाचण्याला, हळव्या स्वभावाला. थोडक्यात, मुलीलाच.

गंमत म्हणजे औषध हाताशी होतं. १८३२ मध्ये ब्लो या फ्रेंच डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या आणल्या होत्या आणि त्यांनी मुली बऱ्याही होत होत्या. तरी बाझेलचे प्राध्यापक गुस्ताफ फॉन बुंगे म्हणत की असं लोह रक्तात जातच नाही. मग १८९३ मध्ये एडिनबरोच्या राल्फ स्टॉकमननी लोह थेट कातडीखाली टोचलं. मुली सुधारल्या. पुढे त्यांनी अशा मुलींच्या जेवणातलं लोह मोजलं. ते फारच कमी भरलं. म्हणजे मुलीच्या स्वभावाऐवजी तिच्या ताटाकडे बघायला साडेतीनशे वर्षं लागली!

हे सगळं इतिहासजमा झालंय असं मला वाटायचं. गेल्या हिवाळ्यात इथेच जर्मनीत, माझ्या मावसबहिणीची पंधरा वर्षांची मुलगी शाळेतून आली की थेट झोपायची. घरातलं निदान: मोबाईल, जागरण, आळस. शेवटी हाउसआर्त्स्टनी फेरिटिन तपासलं, तर शरीरातला लोहाचा साठा जवळजवळ संपलेला. आम्हीही लांगेंसारखंच वागलो होतो की!

भारतात २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते १९ वयाच्या सुमारे ५९ टक्के मुलींना ॲनिमिया आढळला. शाळांमधून आठवड्याला एक निळी गोळी मिळते. पण ती का घ्यायची, कशासोबत घ्यायची, हे मुलीला नीट सांगितलं तरच ती पोटात जाते, नाहीतर दप्तरातच राहते.

सांगण्यासारखं फार अवघड नाहीच. मटकीच्या उसळीवर लिंबू पिळलं तर त्यातलं लोह अंगी जास्त लागतं. जेवणासोबतच चहा-कॉफी घेतली तर कमी लागतं, म्हणून चहा तासाभराने. नुसत्या पालकावर भिस्त ठेवू नका, त्यातलं लोह शरीराला फारसं मिळत नाही. आणि गोळ्या तपासणी करून, डॉक्टरांना विचारूनच.

आन्नाचं पुढे काय झालं, ते पत्रात नाही. तिला काय वाटत होतं, हेही नाही. पत्र बापाला होतं. तुमच्या घरात कुणी सारखी दमत असेल, तर पहिला प्रश्न तिलाच विचारा.