चंद्रसेनाचे प्रच्छन्न प्रेम

गोपाळ गणेश आगरकर यांच्या ‘विकारविलसित’ (१८८३) या नाटकाचा नायक चंद्रसेन याचे मनात दडवलेले प्रेम. ‘विकारविलसित’ हे शेक्सपिअरच्या ‘हॅम्लेट’चे मराठी भाषांतर असून चंद्रसेन म्हणजे हॅम्लेट. त्याच्या प्रेयसीचा उल्लेख या नोंदीत मूळ नावानेच, ऑफिलिया असा, केला आहे.

कोल्हापूर प्रकरणी झालेल्या बदनामीच्या खटल्यात १८८२ साली आगरकर आणि टिळक यांना मुंबईतील डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढावे लागले. या भाषांतराचे काम आगरकरांनी तिथे केले. पुढे बालविवाहावर कोरडे ओढणाऱ्या या लेखकाने तुरुंगात हाती घेतलेल्या नाटकात एक उपवर मुलगी आहे. तिला आलेले प्रेमपत्र तिचा बाप राजाराणीपुढे वाचून दाखवतो. त्या काळच्या पुण्यात मुली या वयापर्यंत सासरी नांदत असत, हे ध्यानात घेतले म्हणजे ही प्रेमकथा प्रेक्षकाला किती परकी वाटली असेल याचा अंदाज येतो.

नायकाचे प्रेम खरे की खोटे, याचा पुरावा मूळ नाटकात तुटक आहे, आणि त्यातला बराचसा दुसऱ्यांच्या तोंडून येतो. पहिल्या अंकात भाऊ आणि बाप ऑफिलियाला सावध करतात. त्यावरून राजपुत्र तिच्या मागे आहे एवढे कळते. दुसऱ्या अंकात ती घाबरून बापाला सांगते, की तो विस्कटलेल्या कपड्यांत तिच्या खोलीत आला, मनगट धरून कितीतरी वेळ चेहरा न्याहाळत राहिला, खोल उसासा टाकून निघाला आणि दाराबाहेर पडेपर्यंत त्याची नजर तिच्यावरच होती. या भेटीत तो चकार शब्द बोलत नाही. शिवाय हा प्रसंग रंगमंचावर घडतच नाही, नुसता सांगितला जातो. तिसऱ्या अंकात मात्र दोघे समोरासमोर येतात. तिथे तो प्रेम होते असेही म्हणतो आणि नव्हते असेही, वर तिला मठात जायला सांगतो. पडद्याआड राजा आणि तिचा बाप कान देऊन उभे आहेत. हे त्याला ठाऊक आहे की नाही, यावर त्या प्रसंगाचा सारा अर्थ फिरतो. ठाऊक असेल तर त्याचा कठोरपणा पाळतीवरच्यांसाठी केलेला देखावा ठरतो. नसेल तर आईवरचा संताप तो निरपराध मुलीवर काढतो आहे. शेक्सपिअरने याचा उलगडा केलेला नाही. समीक्षक डोव्हर विल्सन यांनी १९३५ मध्ये असे सुचवले, की हा बेत त्याने आधीच चोरून ऐकला असावा. पण संहितेत तशी स्पष्ट सूचना नाही.

पाचव्या अंकात ऑफिलियाच्या थडग्यात उभा राहून तो आपले प्रेम जाहीर करतो आणि हजारो भावांचे प्रेम एकत्र केले तरी आपल्या प्रेमाची बरोबरी होणार नाही, असे गरजतो. हा एकच कबुलीजबाब निःसंदिग्ध आहे. ऐकायला सगळा दरबार हजर असतो, ती मात्र उरलेली नसते. उलट बाजूला समीक्षक ए. सी. ब्रॅडली यांनी १९०४ मध्ये एक अडचण दाखवली : एकटा असताना मन मोकळे करणारा हा नायक आपल्या स्वगतांतून तिच्याविषयी काहीच कसे बोलत नाही? प्रस्तुत लेखकाच्या मते या मौनावरून प्रेम नव्हते असे ठरत नाही. बापाच्या खुनाचा सूड घ्यायचा म्हणजे मनाच्या पाटीवरचे बाकी सगळे पुसायचे, अशी शपथ तो बापाचे पिशाच्च निघून गेल्यावर घेतो. पुसायच्या यादीत ती न बोलता येते.

मराठी रंगभूमीवर या प्रेमाची खरी अडचण वेगळीच होती. १८८० साली अण्णासाहेब किर्लोस्करांचे ‘संगीत शाकुंतल’ आले आणि नायकाने प्रेम गाऊन सांगायचे, हे प्रेक्षकाच्या अंगवळणी पडले. त्या नाटकाचा नायक दुष्यंतही प्रेम लपवतो. गोष्ट अंतःपुरात जाऊ नये म्हणून विदूषकाला ‘ती थट्टा होती’ असे सांगून वाटेला लावतो. पण प्रेक्षकाला तो अंधारात ठेवत नाही. चंद्रसेन ठेवतो. ‘विकारविलसित’ गाजवले ते शाहूनगरवासी नाटक मंडळीने, आणि ही कंपनी गद्य नाटकांची. पदाचा आधार नाही, स्वगतात नाव नाही. म्हणजे प्रेम दिसायचे ते नटाच्या डोळ्यांत आणि आवाजात. गणपतराव जोशी (१८६७–१९२२) यांची चंद्रसेनाची भूमिका विशेष नावाजली गेली. कंपनीच्या प्रमुख स्त्रीभूमिका बळवंतराव जोग करीत. या जोडीचा लौकिक मोठा होता. याच कंपनीने केलेल्या देवलांच्या ‘झुंजारराव’मध्ये (१८९०), म्हणजे ‘ऑथेल्लो’त, नायकाचे प्रेम उघडे असते आणि संशय लपून वाढतो. चंद्रसेनात नेमके उलटे : संशय उघडा, प्रेम झाकलेले. नटाच्या दृष्टीने दुसरे काम अधिक अवघड.

नाना जोग यांनीही ‘हॅम्लेट’ मराठीत आणले. त्यांच्या संहितेवर चंद्रकांत कुलकर्णी यांनी २०१८ मध्ये प्रयोग उभा केला; त्यात सुमीत राघवन हॅम्लेट होते. सामान्य मराठी प्रेक्षकाला मात्र हा नायक अधिक ओळखीचा आहे तो शिरवाडकरांच्या ‘नटसम्राट’मधल्या (१९७०) स्वगतामुळे, जगण्यामरण्याच्या प्रश्नात अडकलेला माणूस म्हणून, प्रियकर म्हणून नाही. मूळ नाटकात ते स्वगत संपता संपता नायकाला समोर ऑफिलिया दिसते, आणि तो थबकून तिच्याशी मृदू स्वरात बोलतो. स्वगत सुटे सादर केले की हा भाग गळतो.